कूलर-पंख्याचा कंडेन्सर बदलताय? आधी हा क्रम पाठ करा



मार्च लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगरात गच्चीवरचे आणि माळ्यावरचे कूलर खाली उतरायला लागतात. सिडको-हडकोतली घरं असोत, जुन्या शहरातले वाडे असोत की बजाजनगरातल्या भाड्याच्या खोल्या, सगळीकडे एकच गडबड. धूळ झटकली, वाळा बदलला, पाणी भरलं, बटण दाबलं, आणि आतून नुसता 'हूंऽऽ' असा आवाज. पंखा काही फिरत नाही. मग फोन येतो तो तुमच्यासारख्याला.

यातल्या बऱ्याच फोनमागे एक छोटी डबी असते. बाजारात तिला कंडेन्सर म्हणतात, डबीवर कपॅसिटर छापलेलं असतं. दोन्ही एकच. (एसी-फ्रिजच्या कामात मात्र कंडेन्सर म्हणजे गॅस थंड करणारी जाळी. ग्राहकाशी बोलताना गोंधळ नको.)

या आठवड्याच्या व्हिडिओत हे काम हातानं करून दाखवलं आहे. व्हिडिओत हात दिसतात, पण 'हे आधी का आणि ते नंतर का' हे सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हा लेख. मी बीबीए केलेला माणूस, आयटीआय केलेलं नाही. दुकान टाकल्यावर हे काम जुन्या कारागिरांच्या शेजारी बसून शिकलो. त्यामुळे तुम्हालाही पहिल्यापासून, पण धंद्याच्या हिशोबानं सांगतो.

एक गोष्ट आताच लक्षात ठेवा. डबी बदलणं हे ५ मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळतात ते बिघाड नेमका ओळखण्याचे आणि वस्तू सुरक्षित करून परत देण्याचे.

ही डबी करते काय?

घरात येणारी वीज सिंगल फेज असते. एकट्या सिंगल फेजनं मोटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही. म्हणून मोटरमध्ये दोन वायंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. कपॅसिटर स्टार्टिंग वायंडिंगच्या मार्गात बसतो आणि तिथला करंट रनिंगच्या करंटपेक्षा पुढे सरकवतो. दोन्ही वायंडिंगचा जोर एकामागून एक लागतो आणि मोटर फिरायला लागते. गोठ्यातला जड दगड हलवताना दोघं जण आळीपाळीनं जोर लावतात, तसंच.

कपॅसिटर गेला की एकच वायंडिंग जोर लावत राहतं. मोटर गुणगुणते, गरम होते, पण हलत नाही. ग्राहक सांगतो, "दादा, काठीनं ढकललं की फिरतो." हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान झालं. पण ग्राहकाला तिथेच सांगा की असं ढकलून चालवू नका. न फिरता गुणगुणणारी मोटर जास्त करंट ओढते आणि वायंडिंग जळतं. छोट्या डबीपायी पूर्ण मोटर जाते.

आता ही डबी मरते कशानं? आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा अगदी बारीक थर. व्होल्टेजचा झटका आला की फिल्मला सूक्ष्म भोक पडतं, त्याभोवतीचा धातू जळून उडतो आणि कपॅसिटर स्वतःला वाचवतो. पण प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, म्हणजे क्षमता घटते. त्यात आपल्याकडचा ४० अंशांच्या वरचा उन्हाळा आणि पत्र्याच्या डब्यात तापणारी मोटर. म्हणून बहुतेक कपॅसिटर एकदम मरत नाहीत, हळूहळू झिजतात. 'मागच्या वर्षीपेक्षा हवा कमी लागते' ही तक्रार त्यामुळेच येते.

कुठे असतो, कुठे नसतो

छताचा पंखा: साधारण २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड.
कूलरची पंखा-मोटर: २.५ ते ६ च्या दरम्यान. ४ खूप ठिकाणी दिसतो.
सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन: वॉश मोटरला १० ते १२ आणि स्पिनला ५-६ च्या आसपास. बऱ्याचदा दोन्ही एकाच डबीत असतात.
अर्धा ते एक एचपीची पाण्याची मोटर: साधारण १० ते २५.
एसीचा कॉम्प्रेसर: ३५ ते ५० सुद्धा.

हे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. यावरून पार्ट विकत घ्यायचा नाही. पार्ट घ्यायचा तो जुन्या डबीवरचा किंवा मोटरच्या प्लेटवरचा आकडा वाचूनच.

आता नसतो कुठे ते बघा. मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, ती चालू व्हायला कपॅसिटर लागत नाही. कूलरच्या टाकीतल्या छोट्या पाणी-पंपातही हा कपॅसिटर नसतो. आणि बीएलडीसी पंख्यात सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक सर्किटचा, तिथे ही पद्धत लावू नका. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार रेटिंग सक्तीचं झालं आहे, त्यामुळे बीएलडीसी पंखे वाढत जाणार. त्याचं काम वेगळं शिकावं लागेल.

आधी निदान, मग पेचकस

नवीन मुलांची सवय असते. पंखा बंद दिसला की कपॅसिटर टाक. चालला तर ठीक, नाही तर 'मोटर गेली'. असं करू नका. हे बघा:

१. गुणगुण आहे, फिरत नाही, पातं हातानं मोकळं फिरतं (प्लग काढून बघितलं): पहिला संशय कपॅसिटरवर.
२. गुणगुण आहे, पण पातं हातानंही जड फिरतं: बेअरिंग किंवा बुश जाम. कपॅसिटर बदलून उपयोग नाही.
३. अजिबात आवाज नाही: सप्लाय, वायर, स्विच किंवा वायंडिंग तुटलं आहे का बघा. फक्त कपॅसिटर गेला असेल तर गुणगुण ऐकू येते.
४. फिरतो पण हळू: आधी सॉकेटवर व्होल्टेज मोजा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्लायच कमी असू शकतो. व्होल्टेज बरोबर असेल तर कपॅसिटर मोजा.
५. छताचा पंखा ५ नंबरवर नीट, २-३ वर बंद: पंख्याचा नाही, रेग्युलेटरचा बिघाड. हल्लीच्या स्टेप रेग्युलेटरमध्येही कपॅसिटर असतात, पण शेवटच्या नंबरवर पंख्याला थेट सप्लाय जातो.
६. जळका वास, वायंडिंग काळं: मोटर रिवाइंडिंगला. नवा कपॅसिटर फुकट जाईल.
७. कूलरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात: कपॅसिटरचा विषय बाजूला. आधी लीकेज आणि अर्थिंग.

सातव्या मुद्द्यावर थांबा. मराठवाड्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात. लोखंडी बॉडी, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि भिंतीत दोन पिनांचा सॉकेट. सगळं एकत्र आलं की एवढीशी गळती पुरते. तुम्ही पंखा फिरवून दिला, पैसे घेतले आणि अर्थिंग न बघता निघालात, तर त्या घरात तुम्ही चालू अवस्थेतला धोका सोडून आलात.

बदलण्याचा क्रम: रोज तोच, प्रत्येक वेळी तोच

पायरी १: सप्लाय तोडा. कूलर, मशीन असेल तर नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. बटण बंद, पण मोटरमध्ये फेज तसाच. काढलेला प्लग तुमच्या नजरेसमोर राहू द्या, नाही तर घरातलं लहान मूल 'काका, लावू का?' म्हणत लावून मोकळं होतं. छताच्या पंख्याला प्लग नसतो, तिथे एमसीबी पाडा, घरच्यांना सांगा आणि बोर्डावर 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी लावा. पाण्याच्या मोटरलाही मेन स्विच किंवा एमसीबीवरूनच बंद करायचं.

पायरी २: सप्लाय नाही याची खात्री करा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मल्टीमीटर आधी चालू सॉकेटवर लावून तो नीट दाखवतो का बघा, मग कामाच्या जागी मोजा, आणि नंतर पुन्हा चालू सॉकेटवर. मीटरच बिघडला असेल तर तो शून्य दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

पायरी ३: पाणी काढा, कोरडं करा. कूलरची टाकी रिकामी. हात कोरडे, पायात रबरी सोलची चप्पल किंवा बूट, अंगठी-कडं काढून ठेवा.

पायरी ४: कपॅसिटर रिकामा करा. बरेच जण म्हणतात, "प्लग काढलाय ना, आता कसला शॉक?" मोटर चांगली असेल तर कपॅसिटर सहसा वायंडिंगमधूनच रिकामा होतो. पण वायंडिंग किंवा जोडणी तुटली असेल तर चार्ज आतच अडकतो. आणि तुम्हाला बोलावतात ते काहीतरी तुटलं आहे म्हणूनच!

२३० व्होल्टचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असतं. पंख्याच्या छोट्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा कमी असते, पण स्टुलावर उभ्या माणसाचा हात झटकन मागे येतो आणि तो खाली पडतो. इजा पडण्यानं होते. एसीच्या ५० मायक्रोफॅरडच्या डबीत पंख्याच्या डबीच्या कितीतरी पट ऊर्जा असते, तिथे तर झटकाच धोक्याचा.

रिकामा करायला १० किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेटेड वायर आणि मगर-क्लिप लावून ठेवा. दोन्ही टोकांना १० सेकंद धरा. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा, आकडा शून्याजवळ आला पाहिजे. पेचकसानं दोन टोकं शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची पद्धत सोडा. त्यानं टोकं जळतात, डबी खराब होते, डोळ्यांत ठिणगी जाऊ शकते. आणि कपॅसिटर थेट सॉकेटमध्ये घालून चार्ज करायचा आणि ठिणगी बघून 'चांगला आहे' म्हणायचं, हे तर अजिबात नको. खराब डबी त्याच क्षणी हातात फुटू शकते. शिवाय ठिणगीनं क्षमता किती उरली हे कळत नाही.

पायरी ५: फोटो काढा. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर दोन फोटो. जोडणी चुकली तर पंखा उलटा फिरू शकतो. वॉशिंग मशीनच्या दुहेरी डबीत कॉमन वायर चुकली तर प्रकरण आणखी वाढतं.

पायरी ६: मोजा. कमीत कमी एक टोक मोकळं करून मल्टीमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजा. डबीवर बहुतेक वेळा अधिक-उणे ५ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३.८ ते ४.२ दाखवायला हवा. ३ दाखवत असेल तर बदला. फुगलेला, तडकलेला किंवा तेल गळणारा असेल तर न मोजताही बदला.

पायरी ७: मोटरही तपासा. मोटरच्या प्रत्येक वायरपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी येता कामा नये. मेगर असेल तर ५०० व्होल्टवर इन्सुलेशन बघा, १ मेगाओहमच्या खाली असेल तर ती मोटर चालू करून देऊ नका.

पायरी ८: नवा बसवा. मायक्रोफॅरड तोच. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, कमी कधीच नाही. ४४० लिहिलं असेल तिथे २५० चा चालणार नाही. या कपॅसिटरला अधिक-उणे टोक नसतं. जोड नीट क्रिंप करा किंवा कनेक्टर वापरा, वर स्लीव्ह. कूलरमध्ये नुसती टेप गुंडाळली तर ओलाव्यानं सुटते. डबी पाण्याच्या पातळीच्या वर, क्लॅम्पनं घट्ट बसवा, लोंबकळत ठेवू नका.

पायरी ९: अर्थिंग बघा, मगच चालू करा. प्लगच्या मोठ्या पिनपासून कूलरच्या पत्र्यापर्यंत मीटर १ ओहमच्या आत दाखवला पाहिजे. फेज पिनपासून पत्र्यापर्यंत काहीच नको. सॉकेटमध्येच अर्थ नसेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहा. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवण्याचा सल्ला द्या. मात्र घराच्या वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं. पार्ट बदलायला शिकलो म्हणजे वायरिंगचा परवाना मिळाला असं होत नाही.

जाळी-झाकण बसवल्याशिवाय चालू करून दाखवायचं नाही. १० मिनिटं चालवा. आवाज, वेग आणि मोटरचा वास बघा.

दोन 'जुगाड' जे करायचे नाहीत

पहिला: जास्त हवेसाठी मोठा कपॅसिटर. २.५ च्या जागी ४ टाकला की सुरुवातीला पंखा जोरात वाटतो, ग्राहकही खूश. पण स्टार्टिंग वायंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट वाहतो, मोटर तापते आणि आयुष्य घटतं. ग्राहकाला आज खूश करून दोन महिन्यांनी मोटर जाळायची, हा धंदा नाही.

दुसरा: रनिंग कपॅसिटरच्या जागी स्टार्टिंग कपॅसिटर. पाण्याच्या काही मोटरींमध्ये काळ्या डबीत जास्त मायक्रोफॅरडचा स्टार्टिंग कपॅसिटर असतो. तो फक्त काही क्षण कामात राहून स्विचनं बाहेर पडण्यासाठी बनवलेला आहे. कायम सप्लायवर ठेवला तर तापून फुटतो.

डबी विकत घेताना काय वाचायचं

पंख्याच्या कपॅसिटरसाठी आयएस १७०९ आणि इतर एसी मोटर कपॅसिटरसाठी आयएस २९९३ हे भारतीय मानक आहे. डबीवर हा क्रमांक, मायक्रोफॅरड, व्होल्ट आणि तापमान नीट छापलेलं असलं पाहिजे. 'पी-२' लिहिलेली डबी खराब झाली तर आतून सर्किट तोडून शांतपणे बंद पडेल अशी बनवलेली असते. 'पी-० ' ला असं संरक्षण नसतं.

आणखी एक अक्षर बघा: ए, बी, सी किंवा डी. हा आयुष्याचा वर्ग आहे. ए म्हणजे ३०,००० तास, बी १०,०००, सी ३,००० आणि डी १,००० तास. आता हिशोब लावा. कूलर रोज १० तास आणि वर्षात १२० दिवस चालला, तर वर्षाला १,२०० तास झाले. बी वर्गाची डबी कागदावर ८ उन्हाळे काढते, सी वर्गाची अडीच. डी वर्गाची पहिला उन्हाळाही पूर्ण करत नाही. होलसेलमध्ये काही रुपये वाचवायला गेलात तर एप्रिल-मेच्या ऐन घाईत त्याच घरी फुकट चक्कर मारावी लागेल. एका फुकट चकरेत दहा डब्यांचा नफा जातो.

आता धंद्याचं बोलू

काकू विचारणारच, "एवढ्याशा डबीचे अडीचशे कसे काय?" चिडू नका आणि लगेच भावही पाडू नका. बिल तीन ओळींत फोडून द्या. समजा: तपासणी आणि येणं-जाणं १२०, कपॅसिटर ८०, अर्थिंग आणि सुरक्षा तपासणी ५०. जुनी डबी त्यांच्या हातात द्या आणि मीटरवरचा आकडा दाखवा. "काकू, ही ४ ची डबी आहे, आता २.६ दाखवतेय. नवी बघा, ४ दाखवते." एवढं दाखवलं की घासाघीस कमी होते, कारण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

काही जण उलटं करतात. बिघाड डबीचा असतो, पण मोटर गेली सांगून रिवाइंडिंगचे पैसे घेतात. त्या दिवशी कमाई मोठी होते, पण कॉलनीत बातमी पसरायला एक हळदी-कुंकू पुरतं. तुम्ही डबीचंच काम डबीच्या पैशांत केलंत तर तेच हळदी-कुंकू तुमची जाहिरात करतं.

या चार सवयी पहिल्या दिवसापासून लावा:

नव्या डबीवर मार्करनं तारीख आणि दुकानाचं नाव लिहा. वॉरंटीचा वाद मिटतो.
वहीत किंवा मोबाइलवर नोंद ठेवा: घर, वस्तू, मोटर, मायक्रोफॅरड, मोजलेला जुना आकडा, अर्थिंग आहे की नाही. पुढच्या फेब्रुवारीत याच यादीला फोन करून सर्व्हिसिंग विचारा.
स्टॉक फेब्रुवारीतच भरा. आपल्या भागात जास्त चालणारे चार-पाच आकडे पुरेसे, उगाच तीस प्रकार घेऊन भांडवल अडकवू नका.
पाण्याच्या मोटरचे कपॅसिटर वर्षभर ठेवा. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी आलेल्या दिवशी हौदातून टाकीत चढवणारी मोटर बंद पडली, तर त्या घराचा पुढचे काही दिवसांचा प्रश्न असतो. त्या तासाभरात जो पोचतो, त्याचा नंबर आयुष्यभर सेव्ह होतो. पण घाई त्यांना आहे म्हणून तुमच्या पायऱ्या गाळू नका.

हाताखाली मुलगा ठेवलात तर त्याला हा क्रम तोंडपाठ करायला लावा आणि पहिले काही दिवस समोर बसून करून घ्या. गच्चीवर किंवा शिडीवर एकट्याला पाठवू नका. कोणाला शॉक लागून माणूस चिकटला तर आधी सप्लाय बंद, त्याला थेट हात लावायचा नाही. सप्लाय बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडानं वेगळं करा आणि १०८ ला फोन करा. हे दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

धंद्याचं रीतसर प्रशिक्षण हवं असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. १९८८ पासून ही संस्था काम करते आहे. तिथे चौकशी करा. हाताच्या कामासाठी आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन कोर्स केलात तर पुढे परवान्याची वाटही सोपी होते.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारातून एक जुना पंखा किंवा कूलरची मोटर आणा. सप्लाय न देता त्यावर पायरी ४ ते ८ पाच वेळा करा. रेझिस्टरची वायर स्वतः बनवा. हाती सापडतील तेवढ्या जुन्या डब्या मोजा आणि छापलेला आकडा व मोजलेला आकडा शेजारी-शेजारी लिहा. वीस डब्या मोजल्या की कोणती किती झिजते याचा अंदाज तुम्हाला पुस्तकापेक्षा चांगला येईल. त्यानंतर अनुभवी वायरमन शेजारी असताना पहिलं खरं काम घ्या.

पुढच्या भागात कूलरची मोटर उघडून बुश आणि बेअरिंग कसं बदलायचं ते बघू. तोपर्यंत हा क्रम वहीत उतरवून घ्या आणि टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा.